पिस्तुलाचा सातबारा

इतिहासाच्या आपल्या पॉडकास्टचा हा नवा भाग, आणि ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी ही त्याची लिखित आवृत्ती. बोलताना मी जे दहादा "म्हणजे बघा" म्हणतो, त्यातले आठ काढून टाकलेत. बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय जरा वेगळा आहे. नक्षी किंवा नाव कोरलेली जुनी पिस्तुलं जमवणारे लोक जगभर आहेत. त्यातही एक खास जमात अशी, की ज्यांना नुसतं जुनं पिस्तूल नको असतं. ते कुठल्या सैनिकाचं, कुठल्या लढाईत होतं, हे कागदावर सिद्ध झालेलं पिस्तूल हवं असतं. आणि त्यासाठी ते वेड्यासारखे पैसे मोजतात. मला बंदुकांचं विशेष आकर्षण नाही. पण मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, आणि माझ्या कामात एक प्रश्न रोज येतो: हे कुणी बदललं, कधी बदललं आणि याची नोंद कुठे आहे? हे संग्राहकही नेमका तोच प्रश्न विचारतात. म्हणून मी या विषयात अडकलो.

चला, एका जोडीपासून सुरुवात करू.

वीस लाख डॉलरची जोडी

जानेवारी २००२. न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीत चकमकीच्या दोन पिस्तुलांची एक जोडी विकली गेली. किंमत आली १९ लाख ८६ हजार डॉलर. बनवणारा कारागीर याकोब वाल्स्टर, गाव सारब्र्यूकन, म्हणजे आजच्या जर्मनीत, फ्रान्सच्या सीमेला लागून. घोड्याच्या खोगिराला अडकवायची ही पिस्तुलं. काम सुंदर आहे, पोलादावर बारीक नक्षी आहे. पण नक्षीचे कुणी वीस लाख डॉलर देत नाही.

पैसे दिले गेले ते साखळीसाठी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात लाफायेत नावाच्या तरुण फ्रेंच अधिकाऱ्याने ही जोडी जॉर्ज वॉशिंग्टनला भेट दिली. वॉशिंग्टन १७९९ मध्ये गेला. पुढे ही जोडी अँड्र्यू जॅक्सनकडे आली. जॅक्सन म्हणजे १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचा सेनापती आणि नंतरचा राष्ट्राध्यक्ष. आणि जॅक्सनने काय केलं? त्याने आपल्या मृत्युपत्रात या पिस्तुलांचा वेगळा उल्लेख केला, ती कुणाची होती, कुणाकडून आपल्याकडे आली हे लिहिलं, आणि ती लाफायेतच्या मुलाला देऊन टाकली. त्या मुलाचं नाव होतं जॉर्ज वॉशिंग्टन लाफायेत! म्हणजे भेट जिथून निघाली होती त्याच घरात परत गेली. आज ही जोडी पेनसिल्व्हेनियातल्या फोर्ट लिगोनियरच्या संग्रहालयात आहे.

आता गंमत बघा. ते मृत्युपत्र जॅक्सनने लिलावासाठी लिहिलं नव्हतं. त्याला वाटण्या करायच्या होत्या. म्हणूनच त्या ओळीला इतकं वजन आहे. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, आणि प्रत्येक वेळी मालक बदलला की फेरफाराची नोंद पडते. या पिस्तुलांना तसाच सातबारा आहे. मालक कोण, कुणाकडून आलं, कुणाकडे गेलं. संग्राहक खरं तर पिस्तूल विकत घेत नाहीत, सातबारा विकत घेतात. पिस्तूल सोबत येतं.

कोरणं म्हणजे नेमकं काय?

"कोरलेलं पिस्तूल" असं आपण सहज म्हणतो, पण एकाच पिस्तुलावर चार वेगवेगळ्या प्रकारच्या खुणा असू शकतात आणि चारही वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिली म्हणजे नक्षी. हाताने, छिन्नीने, एकेक रेघ काढून केलेली वेलबुट्टी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हे काम बरंच जर्मन कारागिरांच्या हातात होतं. कोल्टच्या कारखान्यासाठी गुस्ताव यंग हा मोठा नक्षीकार. न्यूयॉर्कमध्ये एल. डी. निम्श्के होता. तो आपल्या कामाचे ठसे कागदावर घेऊन एका वहीत चिकटवून ठेवायचा. त्याला स्वतःच्या कामाचा नमुना हवा असेल, एवढंच. आज तीच वही तज्ज्ञांना एखादी नक्षी निम्श्केची आहे की नाही हे पडताळायला उपयोगी पडते. स्वतःसाठी ठेवलेली नोंद पुन्हा एकदा कामाला आली.

दुसरी खूण म्हणजे साच्याने उठवलेलं चित्र. हे हाताने होत नाही. पोलादी साचा दाबून सिलिंडरवर गोल फिरवतात आणि एकाच चित्राच्या हजार प्रती निघतात. १८४७ चं कोल्ट वॉकर हे रिव्हॉल्व्हर घ्या. मेक्सिकोशी युद्ध चालू होतं. टेक्सासचा कॅप्टन सॅम्युएल वॉकर आणि सॅम्युएल कोल्ट या दोघांनी मिळून ते ठरवलं आणि सरकारने एक हजार नग मागवले. वजन दोन किलोच्या आसपास! सिलिंडरवर टेक्सासचे रेंजर्स आणि कोमांचे लोक यांच्यातल्या लढाईचं चित्र आहे. मूळ साचा ऑर्म्सबी नावाच्या, नोटा आणि शिक्के कोरणाऱ्या कारागिराचा.

तिसरी खूण लष्करी ठसा. त्याच वॉकर रिव्हॉल्व्हरवर कंपनीचं अक्षर आणि नंबर असतो. ए कंपनी नंबर अमुक, सी कंपनी नंबर तमुक. या ठशावरून तुम्ही तुकडीपर्यंत पोहोचता. पण तिथेच थांबता, कारण ते कुठल्या शिपायाच्या हातात होतं हे ठसा सांगत नाही.

आणि चौथी खूण म्हणजे नाव. मुठीच्या मागच्या पट्टीवर, "अमुक कॅप्टनला, तमुक यांच्याकडून सप्रेम भेट." कोल्टने तर याचा धंद्यासाठी वापर केला. अमेरिकन यादवी युद्धाच्या सुरुवातीला अनेक अधिकाऱ्यांना त्याने नाव कोरून रिव्हॉल्व्हरं भेट दिली. अधिकारी खूश झाला की रेजिमेंटची ऑर्डर येणार. आजच्या भाषेत इन्फ्लुएन्सरला फुकट फोन पाठवतात तसंच. १८५४ मध्ये रशियाचा झार निकोलस पहिला याला त्याने सोन्याचं काम केलेलं रिव्हॉल्व्हर दिलं. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

संग्राहकांचा जीव जडतो तो या चौथ्या खुणेवर. आणि फसवणूकही तिथेच होते.

बखर आणि अस्सल पत्र

साधा प्रश्न आहे. यादवी युद्धातलं एक खरं जुनं रिव्हॉल्व्हर बाजारात काही हजार डॉलरला मिळतं. त्यावर एका प्रसिद्ध जनरलचं नाव असलं तर किंमत लाखांत जाते. मग चांगला हात असलेल्या माणसाला एक छिन्नी आणि एक दुपार पुरेशी नाही का? पुरेशी आहे. म्हणूनच या क्षेत्रातला पहिला नियम असा, की कोरलेलं नाव हा पुरावा नसतो, तो दावा असतो.

आपल्याकडे हा धडा फार आधी गिरवला गेलाय. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, आणि त्यांचा आग्रह एकच होता. बखरीपेक्षा अस्सल पत्र मोठं. बखर नंतर लिहिलेली असते, कुणाला तरी खूश करायला लिहिलेली असते, आठवणीतून लिहिलेली असते. पत्र त्या दिवशीचं असतं. त्यात धान्य किती हवं, घोडा कुठे मेला, पैसे कधी पाठवता, असलं काहीतरी असतं. पत्र लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहितोय हे ठाऊकच नसतं, आणि म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो.

पिस्तुलावरचं नाव म्हणजे बखर. कारखान्याची विक्रीची वही, सैन्याची हजेरी, पेन्शनची फाईल, घरी पाठवलेलं पत्र, मृत्युपत्र, ही अस्सल पत्रं. दोन्ही जुळली तर उत्तम. नुसती बखर असेल तर हात आखडता घ्यायचा.

मग तपासतात कसं? आधी लोखंड. खरं कोरीवकाम पिस्तुलाबरोबर म्हातारं होतं. पृष्ठभागावर जी झीज आहे, जे ओरखडे आहेत, ते अक्षरांवरूनही गेलेले दिसायला हवेत. बाहेर गंजाची तपकिरी छटा आणि अक्षराच्या खोबणीत मात्र ताजं चकचकीत पोलाद, असं दिसलं की समजायचं काहीतरी शिजलंय.

मग तारखा. ही मला सगळ्यात आवडणारी पायरी, कारण ती शुद्ध तर्काची आहे. नावामागे मेजर लिहिलंय, पण सैन्याच्या कागदांत तो माणूस त्या वर्षी लेफ्टनंटच आहे. किंवा भेट सॅम्युएल कोल्टकडून १८६३ मध्ये दिल्याचं कोरलंय. कोल्ट तर जानेवारी १८६२ मध्येच वारला! खोटं कोरणारा अक्षरं हुबेहूब काढतो, पण कॅलेंडर तपासायला विसरतो.

मग अनुक्रमांक. मोठ्या कारखान्यांची पिस्तुलं सहसा नंबर घेऊन बाहेर पडतात. स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट यांच्या जुन्या वह्यांवरून आजही पत्र मिळतं: अमुक नंबरचं हत्यार अमुक तारखेला अमुक व्यापाऱ्याकडे रवाना झालं, नक्षी होती की साधं होतं. पण इथेही फट आहे. फेब्रुवारी १८६४ मध्ये कोल्टच्या कारखान्याला मोठी आग लागली, आणि आगीआधीच्या काळातल्या नोंदी तुटक तुटकच मिळतात. आमच्या क्षेत्रात याला बॅकअप नसणं म्हणतात. जिथे वही नसते, तिथे खोट्याला मोकळं रान मिळतं.

मेन जहाजावरचं रिव्हॉल्व्हर

आता एक गोष्ट सांगतो, ज्यात बखर आणि पत्र दोन्ही जुळतात.

१५ फेब्रुवारी १८९८. हवानाच्या बंदरात अमेरिकेची मेन नावाची युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. स्पेनशी युद्ध पेटलं. त्या वेळी थिओडोर रूझवेल्ट हा नौदल खात्यात सहायक सचिव होता. त्याने ती नोकरी सोडली आणि स्वयंसेवकांच्या घोडदळात गेला. रफ रायडर्स म्हणतात ती हीच तुकडी.

मेनच्या अवशेषांतून काढलेलं एक कोल्टचं पॉइंट अडतीसचं रिव्हॉल्व्हर रूझवेल्टला त्याच्या मेहुण्याने दिलं. हा मेहुणा, विल्यम काउल्स, नौदलात कॅप्टन होता. १ जुलै १८९८ ला क्यूबात सान हुआनच्या टेकड्यांवर झालेल्या हल्ल्यात ते रूझवेल्टच्या हातात होतं. पुढे त्यावर दोन बाजूंना दोन मजकूर कोरले गेले. एका बाजूला, की हे बुडालेल्या मेन युद्धनौकेवरचं आहे. दुसऱ्या बाजूला तारीख, सान हुआनचं नाव, आणि हे कर्नल रूझवेल्टने बाळगलं आणि वापरलं, असं.

आता आपला नियम लावा. कोरलेलं नंतर आहे, म्हणजे बखर. पत्र कुठे आहे? रूझवेल्टने १८९९ मध्ये 'द रफ रायडर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की माझं रिव्हॉल्व्हर मेन जहाजावरचं होतं आणि मेहुण्याने दिलं होतं. लढाईनंतर वर्षभरात छापलेला, ज्याच्या हातात होतं त्याचाच उल्लेख. शिवाय ते त्याच्याच घरी राहिलं. ते घर, लाँग आयलंडवरचं सॅगमोर हिल, पुढे राष्ट्रीय स्मारक झालं आणि रिव्हॉल्व्हर तिथेच काचेच्या कपाटात गेलं. साखळीत एकही कडी सुटलेली नाही.

आणि मग ते चोरीला गेलं. एकदा नाही, दोनदा. १९६३ मध्ये पहिल्यांदा, तेव्हा ते जवळच्या झाडीत सापडलं. १९९० मध्ये दुसऱ्यांदा, आणि या वेळी ते सोळा वर्षं गायब होतं.

विचार करा, काही लाख डॉलरची वस्तू हातात आहे. चोर ती विकत का नाही? कारण विकूच शकत नाही. तिची सगळी किंमत त्या दोन ओळींत आणि त्यामागच्या कागदांत आहे. ओळी ठेवून विकायला गेलं तर पहिलाच जाणकार पोलिसांना फोन करणार. ओळी घासून काढल्या तर उरतं एक साधं जुनं रिव्हॉल्व्हर. ज्या कागदाने किंमत चढवली, त्याच कागदाने चोराचे हात बांधले.

२००६ च्या जूनमध्ये एफबीआयच्या मदतीने ते सॅगमोर हिलला परत आलं. फ्लोरिडातल्या एका माणसाने चोरीची कबुली दिली. त्याच्यावर जो कायदा लावला गेला तो होता १९०६ चा पुरावस्तू जतन कायदा. त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही कुणाची? थिओडोर रूझवेल्टची. शंभर वर्षांनी स्वतःच्याच कायद्याने स्वतःचं रिव्हॉल्व्हर परत आणलं म्हणायचं.

पण कागद सुरू कुठून होतो?

इथपर्यंत सगळं छान छान आहे. वॉशिंग्टन, जॅक्सन, रूझवेल्ट. पण या नावांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? सगळे अधिकारी. सगळे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. साध्या शिपायाला हत्यार सरकारकडून मिळायचं आणि सरकारजमा व्हायचं. त्याच्या वाट्याला नंबर. नाव कोरून घ्यायला हत्यार स्वतःचं लागतं आणि खिशात पैसे लागतात. म्हणजे "लष्करी मालकीचा पुरावा असलेली पिस्तुलं" या संग्रहात युद्ध लढलेल्या बहुतेक माणसांचा पत्ताच नसतो.

आणि हरलेल्यांचं काय? वॉशिंग्टन गेला तेच साल, १७९९. ४ मे ला श्रीरंगपट्टणात टिपू सुलतान मारला गेला. (मराठे या वेळी लढाईत नव्हते. १७९० ते ९२ च्या आधीच्या युद्धात मात्र हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रज आणि निजामासोबत टिपूवर चालून गेले होते.) टिपूच्या कारखान्यांत चकमकीच्या बंदुका आणि पिस्तुलं बनत होती, आणि कसली देखणी! चांदीचं काम, वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांची खास नक्षी, वाघाच्या तोंडाचे आकार. पिस्तुलांच्या जोडीत एकाची चाप-यंत्रणा उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे, आरशात पाहिल्यासारखी. कारागिराचं नाव कोरलेलं, उदाहरणार्थ सय्यद मासूम. गावाचं नाव 'पट्टण'. आणि साल टिपूने स्वतः सुरू केलेल्या मौलूदी कालगणनेतलं. त्याच्या नाण्यांवर तर सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. प्रोग्रामर मंडळी, एंडियनचा घोळ अठराव्या शतकातही होता!

म्हणजे वस्तू स्वतः किती बोलते बघा. कुणी बनवलं, कुठे, कोणत्या साली. पण लिलावाच्या यादीत तिचा मालकीचा इतिहास बहुतेकदा सुरू होतो श्रीरंगपट्टण पडल्यानंतर. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये एका घराच्या माळ्यावर टिपूच्या काळातली हत्यारं सापडली, तेव्हा चांदीचं काम असलेली एक बंदूक संगिनीसकट ६० हजार पौंडांना गेली. तिचा सातबारा कुणापासून सुरू झाला? ईस्ट इंडिया कंपनीच्या मेजर थॉमस हार्टपासून. त्याने ती तिकडे नेली, घराण्यात राहिली, साखळी पक्की. पण या सातबाऱ्यातला पहिला फेरफार म्हणजे लूट आहे. जिंकणाऱ्या सैन्याने लुटीच्या वाटपासाठी अधिकाऱ्यांची समितीच नेमली होती, याद्या केल्या होत्या. ज्याने नेलं त्याच्याकडे कागद. ज्याचं नेलं त्याचा दफ्तरखानाही गेला.

मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात बोचणारं सत्य हे वाटतं. पुरावा मागणं बरोबरच आहे, त्याशिवाय खोट्यांचा सुळसुळाट होईल. पण पुरावा सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. "कागद दाखवा" हा नियम निःपक्ष वाटतो, आणि ज्याचं घर जळलं त्याला मात्र तो पहिल्याच पायरीवर बाहेर काढतो.

आपल्या घराजवळ

दोन उदाहरणं आपली. पिस्तुलं नाहीत, पण प्रश्न हुबेहूब तोच.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय घडणीचं, आणि पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरलेलं नाव, सेनासाहेब सुभा या किताबासकट. तलवार भारताबाहेर गेली कशी, याचा सलग कागद मात्र नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या खजिन्यातून बरंच काही इंग्रजांच्या हाती लागलं, त्यातली असावी हा तर्क. इथे कोरलेली अक्षरंच मुख्य साक्षीदार आहेत.

दुसरं उदाहरण वाघनखं. २०२४ च्या जुलैपासून साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून उसनी आणलेली वाघनखं ठेवली गेली, तेव्हा केवढी चर्चा झाली आठवतंय? त्या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे: ही शिवाजीची वाघनखं, यांनी त्याने मुघल सेनापतीला मारलं, आणि पेशव्याच्या प्रधानाने ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला दिली. मुघल सेनापती? अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता हे आपल्याकडे चौथीतलं पोरगं सांगेल. मजकूर लिहिणारा घटनेपासून दीडशे वर्षांहून लांब होता आणि त्याने ऐकीव लिहिलं, हे त्या एका शब्दात उघडं पडतं. महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, हे पडताळता येत नाही, असं ते लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. याने प्रतापगडाच्या घटनेला काडीचाही धक्का लागत नाही, तिला इतर साधनं आहेत. फक्त पेटीवरची ओळ ही बखर आहे, एवढंच.

माळ्यावर काही आहे?

आता तुमच्याकडे येतो. सातारा, कोल्हापूर, कोकणपट्टीत कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेली माणसं आहेत. माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, जुन्या ट्रंकेत काहीतरी असतं. तलवार, संगीन, एखादं ठासणीचं पिस्तूल, पदकं.

आधी कायदा. शस्त्र कायदा १९५९ मध्ये जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट आहे, पण ती ज्यातून गोळी झाडणं शक्य नाही, दुरुस्त करूनही शक्य नाही, अशांनाच. चालू शकणारं पिस्तूल कितीही जुनं असो, परवाना लागतोच. त्यामुळे असं काही सापडलं तर आधी वकिलाशी किंवा पोलीस ठाण्यात बोला, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकू नका. दुसरा कायदा १९७२ चा पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला "आजोबांची आठवण" म्हणून बॅगेतून पाठवणं हा गुन्हा आहे.

कायद्याचं झालं की तीन कामं करा. एक, घासू नका. ब्रासो, लिंबू, सँडपेपर काही नको. मघाशी सांगितलं ना, अक्षराच्या खोबणीतला काळपटपणा हाच साक्षीदार असतो. तो चकचकीत केलात की साक्षीदार गेला. दोन, हौसेने पणजोबांचं नाव कोरून घेऊ नका. तुमचा हेतू शुद्ध असेल, पण साठ वर्षांनी ती वस्तू बघणाऱ्याला वाटेल कुणीतरी बनाव केलाय, आणि खरी गोष्टही खोटी ठरेल.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात स्वस्त. मोबाईल काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलतं करा. ही वस्तू कुणाची? त्यांना कुणी सांगितलं? त्या आधी कुठे होती? रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आजची तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव घ्या. वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नंबर आणि ठसे जवळून. पेन्शनचे कागद, डिस्चार्जचं पुस्तक, गावाकडे आलेली पत्रं त्याच फाईलमध्ये ठेवा. आजी जे सांगेल त्यात चूक असेल, अतिशयोक्ती असेल. असू दे. "आजीने अमुक तारखेला असं सांगितलं" हे तर खरं असेल! ऐकीव आहे असं स्पष्ट लिहिलेली ऐकीव गोष्टसुद्धा साधन असते. खरं असल्याचा आव आणून कोरलेली ओळ नसते.

जॅक्सनने मृत्युपत्रात त्या पिस्तुलांसाठी एक वाक्य खर्च केलं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ते एक वाक्य लिहिलं गेलेलं नाही. जे माहीत होतं ते सांगणाऱ्यांबरोबर गेलं, आणि वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने गेल्या. गेलेलं परत येत नाही. पण तुमच्या घरात आज जे कुणी नव्वदीला टेकलेलं आहे, त्यांना अजून आठवतंय. या रविवारी त्यांच्याशेजारी बसा.

आणि काही मिळालं, तर वस्तूचा फोटो मला नका पाठवू. रेकॉर्डिंग केलंत एवढं फक्त कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, कागद जपा!